करवंद, कण्हेर आणि सदाफुली एकाच घरची? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की कण्हेर आणि करवंद एकाच कुळातली झाडं आहेत, आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. शास्त्रीय नाव अपोसायनेसी, मराठीत करवीर कुल म्हणतात, करवीर म्हणजे आपली कण्हेर. जगभरात पाच हजारांवर जाती आहेत, बहुतेक उष्ण प्रदेशात. तुमच्या घराच्या आसपास नुसतं बघितलं तरी पांढरा चाफा (सोनचाफा नव्हे), तगर, सदाफुली, बिट्टी, सातवीण, रुई, कुडा, सगळी याच घरची.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना शुगर आहे. शेजारच्या काकू म्हणतात सदाफुलीची पाच पानं रोज उपाशीपोटी चावून खायची. कॅन्सरचं औषधही याच झाडापासून बनतं म्हणतात, म्हणजे झाड चांगलंच असणार ना? सुरू करू का? (नाशिक)

उत्तर: नका करू ताई. आणि काकूंच्या बोलण्यातल्या दोन्ही गोष्टी, शुगर आणि कॅन्सर, एकाच गोष्टीत कशा गुंतल्यात ते सांगते, म्हणजे नको का म्हणतेय ते कळेल.

सदाफुली मूळची मादागास्करची, तिथून उष्ण प्रदेशात सगळीकडे पसरली आणि जिथे गेली तिथे लोक शुगरसाठी तिचा काढा प्यायला लागले. १९५२ साली जमैकाहून अशी पानं कॅनडातल्या क्लार्क नोबल या डॉक्टरांकडे आली, त्यांनी ती आपल्या भावाकडे पाठवली, भावाचं नाव रॉबर्ट नोबल, ते तिथल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करत होते. उंदरांना काढा पाजून बघितला तर शुगरवर काहीच फरक नाही. मग अर्क इंजेक्शनने दिला, तर उंदीर इन्फेक्शन होऊन मरायला लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच एकदम कमी झाल्या होत्या. दुसऱ्या कुणी प्रयोग फसला म्हणून सोडून दिला असता, पण नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांच्या डोक्यात आलं की जे पांढऱ्या पेशी कमी करतं ते ब्लड कॅन्सरमध्ये, जिथे त्याच पेशी बेसुमार वाढतात, तिथे कामाला येईल. १९५८ मध्ये विनब्लास्टीन हाती आलं. त्याच सुमाराला अमेरिकेत एली लिली कंपनीतही याच झाडावर काम चालू होतं, तिथून विन्क्रिस्टीन आलं आणि १९६३ मध्ये त्याला तिकडे मंजुरी मिळाली. लहान मुलांच्या ल्युकेमियात ते आजही वापरतात. ज्या मादागास्करची ही वनस्पती, त्या देशाला मात्र या औषधाच्या कमाईतून काही मिळालं नाही, हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं.

आता हे औषध करतं काय, तर पेशीचे दोन भाग होताना आत बारीक नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो, त्या नळ्या ज्या प्रथिनाच्या बनतात त्यालाच हे जाऊन चिकटतं, नळ्या बनत नाहीत, पेशी अर्ध्यातच अडकते आणि मरते. पण कॅन्सरची पेशी कुठली आणि आपली चांगली पेशी कुठली हे त्याला कळत नाही, म्हणून तर केमोमध्ये केस जातात, हातापायांना मुंग्या येतात. दवाखान्यात ते मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून, रक्त तपासत देतात. पाच पानांत ते किती असेल? कुणीच सांगू शकणार नाही, झाडागणिक वेगळं, पान कोवळं की जून त्यावर वेगळं. प्रमाण इतकं कमी असतं की एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, त्यामुळे पाच पानांनी कॅन्सरचं औषध पोटात जातंय असंही नाही, पण बाकीची कित्येक अल्कलॉइड, म्हणजे झाडात तयार होणारी, शरीरावर तीव्र परिणाम करणारी रसायनं, जातातच, आणि वर मिस्टरांच्या शुगरच्या गोळ्या चालू असणार.

एक गंमतीची गोष्ट सांगते. विनब्लास्टीन हा दोन तुकडे जोडून बनलेला रेणू आहे, एकाचं नाव विंडोलीन, दुसऱ्याचं कॅथरँथीन. झाड हे दोन तुकडे वेगवेगळ्या जागी ठेवतं, कॅथरँथीन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात आणि विंडोलीन आतल्या पेशींत. दोघं सहसा भेटतच नाहीत, म्हणून तयार औषध एवढंसं मिळतं. २०१८ मध्ये या साखळीतली शेवटची हरवलेली एन्झाइमं सापडली आणि २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये ही सगळी जनुकं घालून यीस्टकडून हे दोन्ही तुकडे बनवून घेतले. म्हणजे जे यीस्ट आपण पावात घालतो त्याच्याकडून!

तर सदाफुली दारात जरूर लावा, मिस्टरांच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा चालू ठेवा.

प्रश्न: करवंद आम्ही लहानपणापासून खातोय आणि कण्हेरीला आजी हात लावू द्यायची नाही. ही दोन एका कुळातली कशी? कशावरून ठरवतात? (चिपळूण)

उत्तर: करवंदं खाल्ल्यावर ओठ चिकट होतात ना? कोंबडा की कोंबडी बघायला करवंद फोडलं की देठापाशी पांढरा थेंब येतो, तोच चीक. तोच रुईला, तोच चाफ्याला. पण नुसत्या चिकावर जाऊ नका, चीक वडालाही असतो, फणसालाही असतो आणि शेरालाही, ती कुळं वेगळी. फूल बघा. सदाफुलीची किंवा तगरीची कळी हातात घेऊन वरून बघा, पाच पाकळ्या एकमेकींवर अशा पिळलेल्या असतात जसं आपण कागदाचं भिरभिरं करतो. मग सदाफुलीची शेंग शोधा, एका फुलाच्या जागी दोन बारीक शेंगा जोडीने दिसतील. कुड्याला तर हातभर लांब दोन शेंगा जोडीने लटकतात. करवंदाने मात्र ती शेंगेची चाल सोडून मांसल फळ धरलं, कारण त्याला बी पक्ष्यांच्या आणि जनावरांच्या पोटातून पसरवायचं, आणि ज्याला खाऊन घ्यायचंय त्याने पिकलेलं फळ विषारी ठेवून कसं चालेल. कण्हेरीचं बी वाऱ्यावर जातं, तिला कुणी खावं अशी गरजच नाही.

विष कुठून आलं हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग. या कुळात दोन मोठे कारखाने आहेत असं समजा. पहिला कारखाना कुळाच्या जुन्या फांदीवरच्या झाडांचा, सदाफुली, सर्पगंधा, तगर, सातवीण यांचा. ते ट्रिप्टामाईन आणि सेकोलोगॅनिन नावाचे दोन पदार्थ जोडून स्ट्रिक्टोसिडीन बनवतात, आणि या एका रेणूपासून पुढे फाटे फुटत फुटत हजारो अल्कलॉइड. शेजारच्या कुळांतही हाच रेणू आहे, सिंकोना कॉफीच्या कुळातला, त्याचं क्विनाईन इथूनच निघालं, आणि कुचल्याचं स्ट्रिक्नीनसुद्धा. म्हणजे मलेरियाचं औषध, ब्लड कॅन्सरचं औषध आणि उंदीर मारायचं विष, तिघांची आजी एक! वर्गात हे पहिल्यांदा सांगितलं की मुलं वही बंद करून ऐकायची.

दुसरा कारखाना कण्हेर, बिट्टी, रुई यांचा, तिथे हृदयावर काम करणारे ग्लायकोसाइड, म्हणजे साखर जोडलेले रेणू, बनतात. आपल्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत करणारा एक पंप असतो, हे रेणू तो पंपच बंद पाडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. हृदयरोगात देतात ती डिजॉक्सिनची गोळीही याच पद्धतीने काम करते, ती वेगळ्या कुळातल्या झाडापासून आलीय, पण आफ्रिकेत याच आपल्या कुळातल्या स्ट्रोफँथसपासून बाणाला लावायचं विष करायचे आणि पुढे त्यातूनच हृदयाचं औषध निघालं. तुमच्या आजीचं अगदी बरोबर होतं. कण्हेर आणि बिट्टी पान, फूल, बी, सगळं विषारी, उकळून वाळवूनही विष जात नाही. बिट्टीच्या बिया लहान मुलं खेळायला घेतात, घरात लहान मूल असेल तर कुंपणाला बिट्टी लावू नका. पोटात गेलंच तर घरी मीठपाणी वगैरे पाजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा आणि बरोबर झाडाची फांदी न्या.

प्रश्न: कुड्याच्या शेंगांची भाजी मग चालते का? (देवरुख)

उत्तर: ओळखीची माणसं पिढ्यान् पिढ्या खातात तशी कोवळी शेंग, उकडून, पाणी टाकून, चालते. औषध असतं ते सालीत, कोनेसीन नावाचं, आवेवर ते चालतं म्हणून कुटजारिष्ट करतात. पांढरा कुडा आणि काळा कुडा यांत मात्र बाजारातही घोळ होतो, दोघांचं बी इंद्रजव याच नावाने विकतात, तेव्हा शेंग ओळखता येत नसेल तर नको.

प्रश्न: वडिलांना बीपी आहे. गावाकडच्या एकांनी सर्पगंधाची पावडर दिलीय, म्हणतात आयुर्वेदिक आहे, काही होत नाही. बीपीची गोळी बंद करून हे सुरू केलं तर? (कोल्हापूर)

उत्तर: सर्पगंधाने बीपी खरंच उतरतं. म्हणूनच काळजी वाटते.

या झाडाचा इतिहास आपल्याकडचा आहे आणि त्याचा मला फार अभिमान आहे. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातून एक अल्कलॉइड वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं अजमलीन. मग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील, हृदयरोगतज्ज्ञ, त्यांनी आपल्या बीपीच्या पेशंटना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. तोपर्यंत पाश्चात्त्य डॉक्टरांकडे बीपीवर धड औषध नव्हतं हो! तो लेख वाचून जग जागं झालं, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळातून रेसरपीन सापडलं, आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. मुंबईच्या एका डॉक्टरने वहीत नीट लिहून ठेवलं म्हणून हे झालं.

पण पुढचं ऐका. रेसरपीन मेंदूतल्या ॲड्रेनलीनसारख्या द्रव्यांचे साठे रिकामे करतं, त्याने बीपी उतरतं, पण काही पेशंट उदास व्हायला लागले, इतके की डिप्रेशन मेंदूतल्या रसायनांमुळे होतं ही कल्पनाच त्यातून जोर धरून पुढे आली. शिवाय नाक चोंदतं, झोप येते, आणि औषध हळूहळू चढतं आणि बंद केल्यावरही कित्येक दिवस अंगात राहतं. म्हणून आज डॉक्टर ते क्वचितच देतात. वडिलांची गोळी अचानक बंद केली तर बीपी उसळू शकतं, आणि गोळी चालू ठेवून वर पावडर घेतली तर फार खाली जाऊ शकतं, दोन्हीकडून धोका. पावडरीत रेसरपीन किती ते पुडीवर लिहिलेलं नसतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना दाखवा, लपवू नका. आणखी एक, जंगलातून मुळासकट उपटून उपटून सर्पगंधा इतकी कमी झाली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. मूळ काढलं की झाड संपलं, पान तोडण्यासारखं नाही ते.

प्रश्न: गुडमार खाल्लं की साखरेची चव जाते म्हणतात, खरं की थाप? (औरंगाबाद)

उत्तर: अगदी खरं. वेल याच कुळातली. पान मिनिटभर चावा, जिभेवर सगळीकडे फिरवून थुंका, मग चिमूटभर साखर टाका, वाळू चघळल्यासारखं वाटेल, गूळ खाल्ला तर चिकट चिखल. आंबट, खारट, कडू सगळं लागतं, फक्त गोड गायब, अर्धा-पाऊण तास. जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागेला गुडमारमधली जिम्नेमिक आम्लं जाऊन बसतात. चव जाणं आणि रक्तातली साखर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी, तेव्हा वर नाशिकच्या ताईंना जे सांगितलं तेच तुम्हालाही. याउलट कुळातली एक साधी, गोड आठवण म्हणजे उपळसरी, तिचं मूळ कुस्करलं की जो वास येतो तो व्हॅनिलाच्या सख्ख्या भावाचा, रेणूत अणू तेच, नुसती मांडणी वेगळी.

प्रश्न: शनिवारी मारुतीला रुईची माळ करताना चीक डोळ्यात गेला. आधी काहीच वाटलं नाही, संध्याकाळी धूसर दिसायला लागलं. (सोलापूर)

उत्तर: हे वाचताय तोपर्यंत दाखवून आला नसाल तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रुईच्या चिकाची हीच खोड, सुरुवातीला फारसं दुखत नाही म्हणून माणूस गाफील राहतो, आणि चीक आत बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या पेशींना इजा करतो. वेळेत उपचार झाले तर बहुतेकांचं दिसणं परत येतं. बाकीच्यांसाठी, चीक उडाला की तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं डोळा धुवायचा, चोळायचा नाही, घरातले जुने ड्रॉप घालायचे नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीचं असंच झालं होतं हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, फांदी तोडताना, आठवडाभर आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं. पानं तोडल्यावर देठ खाली करून थोडा वेळ ठेवा, चीक गळून जाऊ दे, मग माळ करा, गणपतीच्या पत्रीतही रुई आणि कण्हेर दोन्ही असतात, तेव्हाही हात धुतल्याशिवाय प्रसाद नको.

प्रश्न: मी सातवीत आहे. आमच्या सोसायटीच्या भिंतीजवळ रुई आहे आणि तिच्यावर पट्ट्यापट्ट्याच्या अळ्या आहेत. वॉचमनकाका म्हणतात औषध मारू. रुई विषारी असते तर अळी मरत कशी नाही? (ठाणे)

उत्तर: बाळा, वॉचमनकाकांना सांग औषध मारू नका, ही प्लेन टायगर फुलपाखराची अळी असणार. पांढरे-काळे पट्टे, पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या आहेत का बघ. ही अळी रुईचं विष पचवत नाही, साठवते! मोठी होऊन फुलपाखरू झालं तरी ते अंगात राहतं, पक्ष्याने खाल्लं तर तो ओकतो आणि पुन्हा त्या केशरी रंगाच्या वाटेला जात नाही. वर मी पेशीतल्या पंपाबद्दल लिहिलंय ते आईला वाचून दाखवायला सांग. या फुलपाखरांच्या अमेरिकेतल्या भावंडाच्या, मोनार्कच्या, पंपातच दोन-तीन ठिकाणी बदल झालेत, त्यामुळे विष तिथे बसतच नाही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी तेच बदल साध्या फळमाशीत करून बघितले तर त्या माश्याही विष खाऊन जगल्या. झाड विष वाढवत गेलं, किडा पंप बदलत गेला, लाखो वर्षं हे चाललंय आणि तुझ्या सोसायटीच्या भिंतीजवळ आत्ताही चालू आहे.

तुला एक करून बघायला देते, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन आणि चष्मा लावूनच. रुईच्या फुलाच्या मधोमध पाच कोनांचा मुकुट असतो, दोन कोनांच्या मध्ये एक उभी फट दिसेल. तिथे बारीक सुई खालून वर हळूच ओढ. सुईच्या टोकाला एक काळसर ठिपका आणि त्याला लटकलेल्या दोन पिवळ्या चपट्या पिशव्या येतील. सगळे परागकण त्या पिशव्यांत! मोठा काळा भुंगा येतो त्याच्या पायाला ही चिमटी अडकते आणि तो ती दुसऱ्या फुलात नेतो. एकाच फेरीत शेकडो बियांची सोय, आणि मग ती शेंग फुटली की त्यातून तू पकडायला धावतोस त्या म्हाताऱ्या उडतात. अशी पराग-पिशवी ऑर्किडमध्येही असते, पण ते वेगळंच घराणं, दोघांनी आपापली शोधून काढली. ही रचना इतकी निराळी वाटली की १८१० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी रुईला कण्हेरीपासून तोडून वेगळं कुळ दिलं, आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी डीएनए बघितल्यावर कळलं की रुई ही कण्हेरीच्याच घरातली एक फांदी आहे, मग पुन्हा एकत्र केलं. आमच्या वेळच्या पुस्तकांत दोन कुळं होती, तुझ्या पुस्तकात एकच असेल.

प्रश्न: कासला गेलो होतो तेव्हा कंदिलासारखं एक फूल दिसलं. गाईड म्हणाला कंदीलपुष्प. कंद आणून कुंडीत लावता येईल का? (सातारा)

उत्तर: कंद आणू नका, उपटलात तर त्या जागचं संपेल. हेही रुईचंच भावंड, सेरोपेजिया, यातल्या बऱ्याच जाती जगात फक्त सह्याद्रीत आहेत आणि काही मोजक्या पठारांवरच. गुराखी कंद खणून खायचे, रानडुकरंही खातात, आता त्यात आपण हौशी लोकांची भर नको. फूल फोटोत मोठं करून बघा. खालचा भाग फुगलेला, मग नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून कंदील. बारीक माश्या वासाला भुलून आत जातात आणि नळीतले केस खाली वळलेले असल्यामुळे बाहेर येता येत नाही, माशी खालच्या फुगीर भागात फिरत राहते, तोंडाला पराग-पिशव्या अडकतात, मग केस सुकतात आणि तिची सुटका होते. तुमच्या फोटोत ते केस ताठ दिसत असतील तर आत माशी अजून अडकलेली असण्याची शक्यता आहे, आणि फूल मान टाकून लोंबत असेल तर ती केव्हाच निघून गेली.